माप

लवकर सापडलं, असं सगळे म्हणतात.
डॉक्टर बुच म्हणाले, कुमुदवन्सं म्हणाल्या,
रिपोर्टचं पाकीट देणारा पोरगासुद्धा म्हणाला,
"सारुं थयुं बेन, वहेलुं पकडायुं."
मी तशी लवकरचीच आहे.
लग्नघरी मांडववाल्यांच्या आधी पोचते,
स्टेशनवर गाडीच्या आधी तासभर
बाकड्यावर बसून डबे मोजते.
हेही तसंच म्हणायचं.
दीड सेंटिमीटर. डावीकडे.
गुरुवारी सकाळी सातला.

सोमवारी बँक, गॅस, दूधवाल्याचा हिशोब.
मंगळवारी विश्रामला दाखवलं
वॉशिंग मशीनचं कुठलं बटण आधी.
त्याने डायरीत लिहून घेतलं,
खाली दोन रेघा मारल्या,
मग बराच वेळ बटणाकडेच बघत राहिला.

आमच्या घरात त्याला नाव नव्हतं.
आई 'अंग' म्हणायची, तेही मान वळवून.
गावची मावशी गायीला नि बाईला
एकच शब्द वापरायची, थान,
आणि आम्ही मुली तोंडात ओढणी कोंबून हसायचो.
फॉर्मवर होतं ते इंग्रजीत.
सही करताना वाटलं,
जिला आयुष्यभर हाक मारली नाही
तिला निरोप कुठल्या नावाने द्यायचा?

ऋजुता डावीकडे प्यायचीच नाही.
तोंड फिरवायची, लाथा झाडायची.
पोरीला कळतं कुठलं गोड, सासूबाई म्हणायच्या.
डावी भरून दगड व्हायची
आणि मी कोबीची गार पानं लावून
पहाटेपर्यंत भिंतीला टेकलेली.
तेव्हापासून ही बिचारी मागच्या रांगेत.
आता सगळं घर हिच्याबद्दलच बोलतंय,
हळू आवाजात.

बुधवारी दांडिया बाजारातून चालत
मंगळ बाजारात गेले, हंसाबेनकडे.
एकवीस वर्षं माझे ब्लाउज तिच्याकडे.
तिच्या लाल वहीत माझं एक पान:
चौतीस, छत्तीस,
ऋजुताच्या वेळी अडतीस, परत छत्तीस.
आणखी कुणी माझं इतकं लिहून ठेवलेलं नाही.
म्हटलं, हंसाबेन, पुढचे ब्लाउज जरा...
आणि पुढे मराठी आली नाही, गुजरातीही नाही.

तिने काही विचारलं नाही.
उठून जाळी अर्धी ओढली,
बटणांच्या खालचा खण उघडला.
आत सुती पिशव्या,
तळहाताएवढ्या, गोल, बारीक टाक्यांच्या.
"राई भरी छे," म्हणाली.
"वजन जोईए, नहितर खभो ऊंचो थई जाय,"
आणि स्वतःचा डावा खांदा उचलून दाखवला.
एक पिशवी माझ्या हातावर ठेवली.
आतली मोहरी सरकली,
झोपेत कूस बदलावी तशी.

किती जणींसाठी शिवल्यास?
तिने खण तेवढा बंद केला.
असतील त्याच वहीत,
माझ्या मागच्या पुढच्या पानांवर.
नवरात्रात एकाच वर्तुळात
टाळीला टाळी दिली असेल आम्ही,
आणि मला कळलं नाही,
एकीचाही खांदा वर नव्हता.

माझ्या पानावर तिने तारीख टाकली,
पुढची जागा कोरी सोडली.
दीड महिन्याने ये, सूज उतरल्यावर.

या घरात आले तेव्हा
उंबऱ्यावरचं माप उजव्या पायाने लवंडलं होतं.
तांदूळ पार देवघरापर्यंत गेले
आणि सगळ्या बायका खुश.
तेव्हा कोणी सांगितलं नाही
की मापं अजून बरीच ओलांडायची आहेत,
आणि सगळ्यांना अक्षता नसतात.

रात्री विश्रामला विचारलं,
बघायचंय?
तो म्हणाला, दिवा असू दे.
दोघांनी बघितलं.
रडेन वाटलं होतं, पण ऊर भरून आला
तो नेहमीसारखाच, दोन्हीकडून.
मंगळसूत्राची वाटी कायम डावीकडे कलते,
ती त्याने बोटाने मध्ये आणली.
ती परत कलली.
त्याने परत आणली.

मग दिवा मालवून, बऱ्याच वेळाने,
अंधारात विचारलं त्याने:
आधी निळं बटण ना?